श्रीच्या दोन चांदण्या

देवाशपथ सांगतो, यातला एक शब्द पदरचा नाही. म्हणजे एक जागा आहे, पण ती शेवटी सांगतो.

नागापूरला आमच्या वर्कशॉपात खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली, तेव्हा लेथवरच्या गायकवाड मास्तरांनी कंप्युटरवरही एक कोरी फाईल केली. नाव ठेवलं श्री, आणि दोन्ही बाजूंना जागा सोडून एकेक चांदणी, म्हणजे ते * चिन्ह.

"मास्तर, हे कशाला?"

"नव्या वहीला श्री घालतो का न्हाई आपन? मग कंप्युटरनं काय घोडं मारलंय?"

दसरा झाल्यावर मालक मला म्हणाले, "ती फाईल काढून टाका." त्या कंप्युटरला माऊस नाही, काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करावा लागतो. मी पुसायचा हुकूम लिहिला, पुढे नाव जसंच्या तसं: चांदणी, श्री, चांदणी. एंटरवर बोट ठेवलं आणि आठवलं, की तिथे सुट्या चांदणीचा अर्थ 'सगळ्या फाईली' असा होतो! आमच्या सगळ्या जॉबचे प्रोग्राम त्याच फोल्डरमध्ये, दुसरीकडे कॉपी नाही. बोट उचललं, नाव अवतरणचिन्हांत घातलं, म्हणजे ते सगळं मिळून एकच नाव धरलं जातं, मग एंटर. तेवढी एकच फाईल गेली.

आता ती जागा. अवतरणचिन्हांचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी मी बोट उचललं नव्हतं, दाबलं होतं. सगळं गेलं, आणि वर कंप्युटर म्हणतो, 'श्री नावाची फाईल इथे नाही.'

मास्तर शांतपणे म्हणाले, "सगळं गेल्यावर देव तरी एकटा थांबून काय करंल?"