शेवटची दहा मिनिटं

नाही गं, टीव्ही बिघडलेला नाही. मघापासून तेच सांगतेय – चित्र छान येतं, आवाज छान येतो, सगळं व्यवस्थित. माझी तक्रार वेगळी आहे. ती रेघ हलत नाहीये. लाल रेघ गं, मालिकेच्या भागाखाली असते ना, कुठपर्यंत बघून झालं ते दाखवणारी – ती अडतीस मिनिटांवर थांबलीय, सतरा दिवस झाले. हो, माहितीये मला, मी पुढे बघितलं की हलेल. पण मी बघायचं नाही ना. ती शेवटची दहा मिनिटं माझी नाहीत, ती आधी माझ्या बहिणीची. – अहो काका, माझा एक्केचाळीस नंबर आहे, तुमचा बेचाळीस, जरा दम धरा, मी काही या टीव्हीवाल्यांच्या ऑफिसात मुक्कामाला आलेली नाही.

थांब, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुला वाटेल बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला एकच बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटी. आई गेली तेव्हा ही पाच वर्षांची, म्हणजे मीच तिची आई – वेण्या घातल्या मी, गोवर काढला मी, मारलंही मीच. आणि आम्हाला दोघींना एकच वेड. त्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांवरच्या मालिका असतात ना, दोनशे वर्षांपूर्वीच्या – घोडागाड्या, लांब हातमोजे, मेणबत्त्यांच्या उजेडातले नाच, आणि एक वाक्य बोलायला सहा सहा भाग घेणारे पुरुष. तू बघतेस? नाही? मग काय बघतेस, मारामाऱ्या? बघून बघ एकदा. तो नुसता तिला गाडीतून उतरायला हात देतो, आणि मग चालता चालता तोच हात असा उघडतो, मिटतो. एवढंच. बोलत काही नाही. आम्ही तेवढा तुकडा नऊ वेळा मागे घेऊन बघितला असेल. मी पडदे शिवते, खिडक्यांचे, त्यामुळे माझं निम्मं लक्ष त्यांच्या पडद्यांकडे – काय ती मखमल, काय तो झोल, खाली चांगली चार बोटं दुमड. आणि ही म्हणायची, ताई, तो मरतोय तिच्यासाठी आणि तू दुमड कसली मोजतेस.

पण मला शेवट सहन होत नाही. आधीपासूनच. पत्र आलं, कुणी फोडलं, आता काय होणार म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. म्हणून आमचा नियम. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हापासूनचा – खातं एक, टीव्ही दोन, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. मी भाग बघायचा आणि शेवटच्या दहा मिनिटांआधी बंद करायचा. मग तो शेवट तिने बघायचा आणि मला फोन करायचा, की ताई, बघ खुशाल, सगळं नीट होतं. किंवा, आज रुमाल घेऊन बस. मग मी बघायची. लोक हसतील, हसू देत. आमचे हे तर कायम हसायचे. चौतीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या त्यांनी, दिवसभर डोळ्यांशी काम, त्यामुळे घरी आले की पडद्याकडे बघायचेच नाहीत. म्हणायचे, तुमच्या त्या कोटवाल्याला काही कामधंदा आहे का नाही? सदा आपला बागेत. मी म्हणायची, तुम्हाला काय कळणार, तुम्ही मला मागणी घातलीत ती माझ्या काकांना, तीही पोस्टकार्डावर.

फोन? नाही, आता येत नाही. तीन वर्षं झाली. – त्याला कारण मीच आहे, लपवून काय करू, तू काही मला ओळखत नाहीस. तिने एक माणूस पसंत केला. पंधरा वर्षांनी मोठा, आधीचं लग्न मोडलेला, एक मुलगी पदरात. माणूस वाईट नव्हता. खरं सांगू का, चांगला होता – दारात येऊन त्याने आधी पायपुसण्यावर बूट पुसले, दोन्ही, नीट. आणि मी त्याच्यासमोर, तिच्यासमोर, काय काय बोलले. घरचं नाव, लोक काय म्हणतील, आई असती तर. त्या मालिकांमधे एक आत्याबाई असतेच असते, हातात काठी, नाक वर, लग्न मोडायला गाडी करून येणारी – तिला मी आणि धाकटीने किती शिव्या घातल्यात. आणि त्या दिवशी शब्दन् शब्द तिचाच होता गं माझ्या तोंडात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पडद्यावरच्या परक्या पोरीसाठी मी उशी भिजवली आणि घरातल्या पोरीला म्हटलं, याच्याशी लग्न केलंस तर हा उंबरठा तुला कायमचा बंद. तिने फक्त पिशवी उचलली. तो जाताना मला नमस्कार करून गेला, तेही अजून टोचतं.

मग नंबर बदलला तिने. माझं जेवण तुटलं. म्हणजे बसायची ताटावर, घास फिरत राहायचा तोंडात. मशिनवर बसले की सुई बोटात. दोन महिने. हे काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे – त्यांचं तसंच, बोलण्यात भोपळा. आणि मी वेड्यासारखी नियम पाळायची. भाग लावायचा, दहा मिनिटं राखून बंद. रेघ तिथेच. दुसऱ्या दिवशी तिथेच. आणि एका शुक्रवारी मी बाहेरून आले, टीव्ही लावला, तर रेघ पूर्ण. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. मी खालीच बसले. मग उठून यांना सांगितलं, अहो, ती बघतेय, तिने शेवट बघितला, तिचा राग गेला. हे म्हणाले, जाणारच. चल, ताटं घे. त्या रात्री मी पोटभर जेवले.

तेव्हापासून तीन वर्षं आमचं असंच चाललंय. मी सोडते, ती पुरं करते. फोन नाही, पत्र नाही, पण रेघ आहे. मला पुरत होतं. – पत्ता? पत्ता आहे ना. तिच्या मैत्रिणीने दिला होता, कपाटात आहे. हो, लिहायला हवं होतं. त्या बायका तर काय पत्रं लिहितात, एका रुसव्याला तीन तीन पानं. मी एकही नाही. मला वाटायचं, ती बघतेय म्हणजे तिने माफ केलंय, मग आता मुद्दाम माफी मागून जखम कशाला उकरायची? खरं सांगू, मला मागायचीच नव्हती. न मागता मिळतेय तर कोण मागतं?

पण आता मला ती हवीय. आमचे हे दवाखान्यात आहेत. अर्धांग. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डोळे उघडे असतात पण ओळखतात का कळत नाही. भेटायला चारला सोडतात, दहा मिनिटं. मी एकटी आहे गं, मूलबाळ नाही, रात्री त्या बाकावर बसून माझी पाठ मोडलीय, आणि डॉक्टर काही सांगतात ते एका कानाने येतं आणि दुसऱ्याने जातं. म्हणून म्हटलं, तिला निरोप द्यायचा. पत्राला चार दिवस लागतील, आणि फोडेल की नाही कुणास ठाऊक. पण रेघ ती बघतेच. म्हणून आले. तुमच्या खात्यावर ते नाव असतं ना, आमचं आहे बघ, ‘दोघी’ – ते बदलून तू ‘ताईला फोन कर’ असं घाल. तिने टीव्ही लावला की समोर दिसेल. मला जमत नाही ते, आणि घरात ते सगळं हेच करायचे. आणि जमलं तर तेवढं बघ, सतरा दिवस तिने का बघितलं नाही. तिला काही झालं तर नाही ना? तुमच्या मशिनमधे कळत असेल.

सतरा दिवस मी बरोबर सांगतेय, त्यात चूक नाही, कारण मी शेवटचं बघितलं ते हे पडले त्या दिवशी. दुपारी. मी पुढच्या खोलीत होते, तिथे पत्र वाचत होती ती, नायिका, आणि आतून यांनी हाक मारली. मी म्हटलं, थांबा, पत्र चाललंय. परत मारली. जरा वेगळी होती हाक, जीभ जड असल्यासारखी. मी आवाज वाढवला. टीव्हीचा. – दोन घरं वाढवला. मग अडतीस मिनिटं झाली, मी नियमाप्रमाणे बंद केलं, उठले, आत गेले. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ झाला? मी म्हटलं, आत्ताच. आत्ताच पडले. वीस मिनिटं झाली होती. हे मी कुणाला बोलले नव्हते. तुला का बोलले? तू शोध ना, तुझं लक्ष तिकडे असू दे, माझ्याकडे बघू नकोस.

काय? एकच टीव्ही कसा? नीट बघ. दोन आहेत. एक माझा, एक तिचा. फिरव बरं ते इकडे, मला चष्मा लावू दे. – हा माझा. आणि हा? खात्यातून काढून टाकला म्हणजे कुणी काढला? तिकडून काढला. कधी? ही तारीख – ही तर त्याच आठवड्यातली आहे. ती पिशवी घेऊन गेली त्याच्या तिसऱ्या दिवसाची. नाही, असं होणार नाही. तुमचं मशीन चुकतंय. मग तीन वर्षं शेवट कोण बघतंय, भूत? बाई गं, माझ्या घरातून कोण बघणार, घरात आम्ही दोघंच, मी तर राखून ठेवत होते आणि हे तर –

वेळ दाखव. मंगळवार, दुपारी अडीच. शुक्रवार, अडीच. मंगळवार. शुक्रवार. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते मापं घ्यायला. लोकांच्या खिडक्यांची. दोनला निघते, चारला येते.

एकदा टीव्ही गरम लागला होता मला, मागून. मी विचारलं तर म्हणाले, ऊन येतं त्याच्यावर. तिथे ऊन येतच नाही, मी स्वतः पडदा शिवलाय त्या खिडकीला, दुहेरी. आणि एकदा जेवताना मधेच म्हणाले, तो थोरला भाऊ पैसेवाल्या पोरीशी लग्न करतो ते मला नाही पटलं. मला वाटलं, स्वयंपाकघरात ऐकू गेलं असेल. ते शेवटच्या पाच मिनिटांत होतं. मी स्वतः तोवर बघितलं नव्हतं.

चौतीस वर्षं काचा घासून डोळे गेलेला माणूस. दर मंगळवारी, दर शुक्रवारी. दहा दहा मिनिटं.

मला फसवलं त्यांनी. हसू नकोस – नाही, हसत नाहीस, मला दिसतंय. पण फसवलंच ना? मी त्या रेघेवर विसंबून राहिले. ती रेघ हलली नसती तर मी चार महिन्यांत रडत तिच्या दारात गेले असते, पाय धरले असते. तीन वर्षं गेली माझी. तिला मूल झालं असेल एव्हाना. मी जेवावं म्हणून केलं त्यांनी, दुसरं काही नाही, त्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. आता मी त्यांच्यावर चिडू? कशी चिडू? चार वाजता जाऊन विचारू का, की अहो, हे तुम्ही का केलंत? त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नाही. आणि ज्या दिवशी त्यांनी मला हाक मारली त्या दिवशी मी –

नको. नाव बदलू नकोस. कुणासाठी बदलतेस, वाचणार कोण आहे? दुसरं काय घालू म्हणून विचारतेस, काही घालू नकोस. त्या रेघेलाही हात लावू नकोस, अडतीसवर आहे तिथे राहू दे. पाणी नको मला. रडत नाहीये मी. उठते. पाठ धरलीय म्हणून बसलेय, दुसरं काही नाही, सतरा दिवस बाकावर काढलेत. अहो काका, या तुम्ही, या. – बोलाव गं त्यांना. बेचाळीस नंबर.