आमच्या गल्लीची आयरिश पाटी

बेलफास्टच्या बसस्टॉपवर गंधार गारठून उभा होता. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं चक्क मराठीत बोलायला लागलं, मग काय, गड्याचे कान तिकडेच.

"अहो, गल्लीच्या नावाची पाटी आयरिशमध्येपण लागली. शेजारची नूला आनंदानं रडलीच हो. आपल्या दोघांचे आभार मानून गेली."

"दोघांचे कशाला?"

"कौन्सिलनं मत विचारलं तेव्हा मी 'हो' लिहून पाठवलं. तुम्हाला चोरून."

"प्रमोदिनी! तुला बजावलं होतं ना, इथल्या आयरिश-इंग्रजीच्या भांडणात आपण पडायचं नाही!"

"ओरडा आता."

"ओरडू कशाला? माझाही 'हो'च गेलाय."

"अगंबाई! मग मला का गप्प बसवलंत?"

"तू गावभर केलं असतंस."

"बरं, पण पाठवलंत कशापायी?"

"चाळीस वर्षांत तुझ्या हॉस्पिटलातल्या सगळ्यांनी तुझी पॅम करून टाकली. नूलानं मात्र पहिल्याच आठवड्यात तुझं नाव घोकून घोकून पाठ केलं. आजही अख्खं प्रमोदिनी म्हणते. तिच्या दारातल्या रस्त्याला तिच्या भाषेतलं नाव मिळत असताना मी गप्प बसू होय?"