आठव्या तारेवरचा भोंगा

डागवाला (सोल्डरचे डाग देतो म्हणून पडलेले नाव, त्याच नावाने सगळे ओळखतात), वय ४७ वर्षे, धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, राहणार शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व आई राहतो. आई निवृत्त मुख्याध्यापिका. दोन वर्षांपासून तिचे हातपाय चालत नाहीत, जीभ मात्र चालते. तरी कुणाकडे काही मागेल तर शपथ. घामाने भिजेल, पण 'पंखा लाव' म्हणणार नाही.

म्हणून मी पेटी बनवली. उशीजवळच्या बटणावर आईने गाल टेकला की जुना कॉम्प्युटर प्रिंटर जोडायच्या पोर्टातून पेटीला एक आकडा पाठवतो. पोर्टाच्या आठ तारा, पेटीत आठ रिले, म्हणजे विजेने चालणारे खटके; जितक्या वेळा गाल टेकेल तितक्या नंबरची तार जागी होते. पहिल्या तारेवर दिवा, दुसरीवर पंखा, तिसरीवर रेडिओ, असे करत आठवीवर गच्चीतला भोंगा. तो फक्त अडीनडीला.

कॉम्प्युटर सुरू होताना पोर्टातून काहीबाही येते, आठही तारा एकदम जाग्या होतात. म्हणून पेटी मागाहून चालू करायची असते. हे मला ठाऊक होते. पण तेवढ्यासाठीही आईला कुणाला हाक मारायला लागू नये म्हणून मी कॉम्प्युटर आणि पेटी दोन्ही भिंतीवरच्या एकाच बटणावर घेतले. अतिशहाणा तो मी.

काल दुपारी तीनच्या सुमारास मी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात असताना घरची वीज जाऊन आली. कॉम्प्युटर सुरू होताना अर्ध्यातच अडकला आणि भोंगा थांबेना. शिंप्याला वाटले दरोडाच पडला, त्याने आपल्या पोलीस ठाण्याला फोन केला. त्याच्यावर माझा राग नाही. हवालदारांनी कुलूप तोडले तेव्हा दिवा, पंखा, रेडिओ सगळे चालू होते. आई त्यांना म्हणाली, "आधी दार वाजवतात." मी पोचलो तेव्हा ती हसत होती. दोन वर्षांत हसली नव्हती.

पेटी आपण ताब्यात घेतली. रात्री मी पंखा लावला तर "बंद कर" म्हणाली. सकाळी उशी ओली होती. विचारले तर म्हणते, "कुठे उकडत होतं?" मला रडू आले.

तरी पेटी परत मिळावी. दोन्हींची बटणे आजच वेगळी करतो. वीज आली की पेटी चालू करायला शिंपी वर येईल, असे त्याने इथेच बाकावर बसून कबूल केले आहे. भोंगाही काढणार होतो. आई म्हणाली, "राहू दे रे. किती दिवसांनी घरात माणसं आली."

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, मी बोललो तसाच आहे. पेटी आठही तारांसह मिळाली.

सही