मंजुळाबेनची घारी

माननीय अध्यक्ष किशोरकाका, व्यासपीठावरच्या पाहुण्या भारतीबेन, खवय्ये मंडळाचे पदाधिकारी, आणि मागून येणाऱ्या उंधियूच्या वासात जीव अडकलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आमचे हे, म्हणजे तुमचे प्रफुल्लभाई, आजपासून खाण्यावरचा ब्लॉग बंद करतायत. तुम्ही शाल घातलीत, दोघंतिघं रडलातही. मी मात्र नुसती दमलेय हो.

परखड लिहिणाऱ्याच्या बायकोला काय सोसावं लागतं, कुणी विचारलंय कधी? हॉटेलात वाफाळता लोचो समोर आला की आधी फोटो. मग वास घेणं. मग, ‘दक्षा, यांची डाळ नीट भिजलेली नाही.’ तोवर माझ्या ताटातलं गार. लग्नात आचारी यांना बघून आत पळतात. हल्ली तर आम्हाला जेवायला बोलावणंच येत नाही. सुरतेत राहून जेवायला बोलावणं नाही, याला काय म्हणायचं?

काका आत्ता म्हणाले, गुडघ्यांमुळे थांबतायत. काका, लिहायला गुडघे लागतात का? खरं कारण मी सांगते. हे डोळे वटारतायत, वटारू देत.

गेल्या वर्षी चंदी पडव्याला, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, आपण सगळेच रस्त्याकडेला चटया टाकून माव्याची गोड घारी आणि तिखट भुसू खात बसलो होतो. आमच्या शेजारी ख्यातीच्या, आमच्या लेकीच्या, सासरची मंडळी. अख्खं गाव घारी दुकानातून आणतं, पण तिच्या सासूबाई, मंजुळाबेन, मावा भाजण्यापासून वरचं तूप चढवण्यापर्यंत सगळं घरी करतात. यांनी मिटक्या मारत खाल्ली. तोंडावर ‘वा, वा!’ आणि घरी येऊन लिहिलं काय, तर ‘हौशी घारीत मावा करपतो आणि तूप भिंतीच्या चुन्यासारखं थापलेलं असतं.’ नाव लिहिलं नाही हं! पण फोटोत त्यांचा स्टीलचा डबा, आणि झाकणावर मंजुळाबेनच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं. आपल्याकडे कुठल्या डब्यावर नाव नसतं? एवढा हुशार माणूस, पण तेवढं दिसलं नाही.

भाजीवाल्यापाशी चार बायका हसल्या, तेव्हा त्या माउलीला कळलं.

दिवाळीला ख्याती आली नाही. पुढे तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण ओटी भरली आणि मंजुळाबेन सगळ्यांसमोर म्हणाल्या, “दक्षाबेन, मुलगी नाही पाठवणार. उद्या माझ्या नातवंडालाही नापास करतील तुमचे हे.” माझी पोर मान खाली घालून बसली होती. मला यांचा इतका राग आला त्या दिवशी! खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर हे म्हणाले, बंद करतो सगळं. आणि परवा आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. मंजुळाबेननी ताटलीत घारी ठेवली. यांनी खाल्ली.

“कशी झालीये?”

“छान आहे.”

“पुन्हा तेच!” त्या उसळल्याच. “तोंडावर छान, आणि मागून गावभर डांगोरा! अहो व्याही, मी काय साखरेची आहे विरघळायला? वाटतं ते मला सांगता येत नाही?”

यांनी घारीचा अजून एक तुकडा मोडून खाल्ला. मग हळूच म्हणाले, “मावा जरा जास्त भाजला जातोय. आच कमी ठेवा.”

मी मनात म्हटलं, संपलं आता. मंजुळाबेननी उरलेला तुकडा उचलला आणि सावकाश चावला.

“हं. जातोय खरा,” म्हणाल्या. मग आत वळून हाक मारली, “ख्याती, बॅग भर गं.”

तर मंडळी, तुम्ही यांचं इतकं वाचलंत, इतकं सहन केलंत, तुमचे उपकार आहेत. मला भाषणाची सवय नाही. कमीजास्त बोलून गेले असेन तर पोटात घाला. आणि जेवायला आम्ही थांबत नाही, म्हणून रुसू नका. ख्याती घरी आहे, आमच्यासाठी जेवायची थांबलीये.