अविनाशने रद्द केलेला टचडाउन

मेधावहिनी, ईशा, आणि आज नॉटिंगहॅमच्या या हॉलमध्ये जमलेल्या मित्रांनो,

बोलायला उभा राहिलोय खरा. अविनाशच्या शोकसभेत बोलावं लागेल, असं कधी वाटलं नव्हतं. सांभाळून घ्या.

आपल्या मंडळाचा अविनाश तुम्हाला ठाऊक आहे. मी सांगणार आहे तो मैदानावरचा. रविवारी आम्ही दोघं युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉलला पंच म्हणून जायचो. हेल्मेट घालून एकमेकांना धडका मारायचा खेळ. वहिनी म्हणायच्या, "अहो, आठवडाभर ऑफिस, आणि सुट्टीच्या दिवशी पोरांच्या शिव्या खायला जाता?" तो हसायचा आणि बूट घालायचा.

एका हिवाळ्यातली मॅच. नुसता चिखल. मॅच संपत आलेली, घरची टीम मागे. त्यांच्या डॅनियलने डोकं खाली घातलं आणि समोरच्याच्या हेल्मेटवर आपलं हेल्मेट आदळलं. चेंडू सुटला. घरच्या टीमने उचलला, पळाले, शेवटची रेघ ओलांडली, टचडाउन! मॅच जिंकल्यातच जमा. लोक नाचायला लागले. आणि अविनाशने पिवळा रुमाल टाकला. फाउल, कारण डोकं खाली घालून हेल्मेटने धडक मारायला बंदी आहे. टचडाउन रद्द, डॅनियल मैदानाबाहेर.

मी पलीकडे होतो. मला काही दिसलंच नव्हतं. मी विचारलं, "अवि, नक्की ना?"

"नक्की. डोकं खाली होतं. मी पाहिलंय."

ज्याला धडक बसली तो तर उठून चालायला लागला होता. मग एवढं काय, असं सगळ्यांचं म्हणणं. कोच अंगावर धावून आला. गर्दीतून अविनाशच्या रंगावरूनही काहीबाही ऐकू आलं. तो हलला नाही. घरची टीम हरली.

मी म्हटलं, चल, पटकन निघू. पण अविनाश कुठे? तो डॅनियलसमोर चिखलात उकिडवा बसलेला! डॅनियल रागाने हेल्मेटही न काढता बाकावर बसला होता, आणि सारखी मूठ उघडत-मिटत होता. अविनाशने लांबून ते हेरलं होतं.

"हातात काय होतंय?"

"काही नाही. जरा मुंग्या येतायत."

"मग हेल्मेट काढू नकोस. मान अजिबात हलवू नकोस." आणि मला ओरडून म्हणाला, "ॲम्ब्युलन्स बोलव!"

डॅनियलच्या मानेचं हाड तडकलं होतं. डॉक्टर म्हणाले, हा पुढे खेळला असता आणि आणखी एक धडक बसली असती, तर पुन्हा उभा राहिला असता की नाही, सांगता येत नाही.

मित्रांनो, तो डॅनियल तिथे मागे उभा आहे. स्वतःच्या पायांवर. आता तो नवीन मुलांना शिकवतो, आणि पहिला धडा एकच: डोकं वर ठेवून भिडा. शेजारी त्याचे कोच आहेत. ते आजही म्हणतात, तो फाउल नव्हताच! म्हणू देत. पण ते आलेत ना?

काल ईशा मला म्हणाली, "काका, बाबाने केलेला पंचाचा कोर्स मी पण करू?"

मी म्हटलं, "कर. लोक ओरडतील हं."

"ओरडू दे," ती म्हणाली.

वहिनी, रविवारी बूट घालून निघणारं तुमच्या घरी अजून कोणीतरी असणार, असं दिसतंय.

आता सगळ्यांनी उभं राहू या. थोडा वेळ काहीच बोलू नका. मैदानावर याला कधी शांतता मिळाली नाही, आज आपण देऊ या.

नमस्कार, अवि.