घंटेनंतरचे गुण

सकाळभर बाईंनी मेडिकलच्या परीक्षेत पेशंटच्या आईचं सोंग वठवलं होतं. प्रत्येक विद्यार्थ्याकडून मुलगा गेल्याची बातमी नव्याने ऐकायची आणि रडायचं, असं ते काम. आता त्या कँटीनच्या रांगेत चहासाठी उभ्या होत्या. मागून सकाळचाच एक आवाज आला.

“पैकीच्या पैकी पडले मला.”

“कशात?”

“सहानुभूतीत. समोर खोटी आई बसवतात. तिला मुलगा गेल्याचं सांगायचं, पाणी द्यायचं आणि हातावर हात ठेवून गप्प बसायचं.”

“गप्प बसून करायचं काय?”

“मी मनात सातचा पाढा म्हणतो. संपला की बोलायचं.”

“आमच्या इंजिनिअरिंगला असलं काही नाही. सुटलो बाबा.”

“ती बाई मात्र चिकट निघाली. घंटा झाली, पुढचा मुलगा दारात आला, तरी माझा हात सोडेना.”

“मग?”

“मग काय, घेतला सोडवून. घंटेनंतरचे गुण नसतात.”

“अरे, तिचं खरंच कोणी गेलं असेल.”

“असेलही. प्रश्नात नव्हतं ते.”

रांग पुढे सरकली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“काकू, रांगेत आहात ना?”

बाई वळल्या. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो अदबीने हसला.

“नाही. तुम्ही व्हा पुढे, डॉक्टर.”

तो पुढे झाला आणि मित्राला कोपराने ढोसत म्हणाला,

“पाहिलंस? नुसत्या ॲप्रनवरून ओळखतात लोक.”