जाताना ‘येतो’

सौंसर बसस्टँडवर पांढुर्ण्याच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर एक बाई आणि वेबसाइट बनवणारा एक जण बोलत होते.

“रोशनभाऊ, बाबाच्या नर्सरीची साइट तुम्ही नवी केली ना, तवापासून आई घराचं दारच लावून नाई राहिली.”

“काहून, उर्वशीताई?”

“जुन्या साइटवर संत्र्यावर क्लिक केलं की बाबा ‘या, बसा’ म्हणायचे. बंद करताना ‘येतो’ म्हणायचे.”

“त्यांचाच हट्ट होता तो. जाताना ‘जातो’ म्हणू नाई म्हणे. जुनी साइट ज्या फ्लॅशवर चालायची ते सॉफ्टवेअर बंद पडलं, म्हणून तोच आवाज म्या नव्या साइटवर टाकला.”

“आता ते ‘आलो’ म्हणून राहिले.”

“ताई, बाबा जाऊन किती वर्षं झाली! ‘आलो’ मी कुठून आणू? हे घ्या, मूळ रेकॉर्डिंग ऐका.”

लॅपटॉपमधून म्हातारा, हसरा आवाज आला : “येतो.”

“आता माझ्या फोनवर ऐका.”

तोच आवाज, तसाच हसरा : “आलो.”



“बंद करा ती साइट, भाऊ. आई मोहगावले एकटी आहे. चोर आला तं त्यालेही ‘या, बसा’ म्हणन.”

“करूनच राहिलो. … झाली बंद.”

“थांबा, तिचाच फोन. हां, आई? … बरं. … बरं.”

“काय म्हणतात काकू?”

“दाराले कडी लावली म्हणते. आता उघडं ठेवायचं काम नाई, दोन कप चहा ठेवला म्हणे.”